खरवस होण्याआधी

“अजून दूध हाय,” असे म्हणून मिस्त्री करंगळीचे नख सदऱ्याला पुसायचे आणि दुसऱ्या कामाला लागायचे.

दोन फळ्यांमध्ये गम लावून शिकंजे आवळले, की जादा गम सांध्यातून बाहेर येतो आणि मण्यांसारखा ओळीने उभा राहतो. आमच्या कारखान्यात त्या मण्यांना मिस्त्रींच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही, असा दंडक होता. ते अधूनमधून येत, नखाने एक मणी दाबून पाहत आणि अवस्था जाहीर करीत. आधी दूध, मग साय, मग खरवस. खरवस झाला, की पटाशी आडवी धरून ते सांध्यावरून एकच हात फिरवत. गमाची अख्खी पट्टी अलगद सुटून येई आणि खालचे लाकूड कोरे राही. ज्याने वेळ दवडली त्याच्या वाट्याला चौथी अवस्था येई. तिला ते हाड म्हणत. हाड खरवडायला दुप्पट वेळ जातो, पण तेही निघते.

पुसणे मात्र त्यांना मंजूर नव्हते. तुम्ही कधी सुतारकामापाशी उभे राहिला असाल, तर ओले फडके हाताशी ठेवून गम भराभर पुसणारी माणसे तुम्हीही पाहिली असतील. ते काम दिसायला फार स्वच्छ दिसते. पण पाण्याने पातळ झालेला गम लाकडाच्या छिद्रांत उतरतो आणि तो तिथे आहे हे कोणाला कळत नाही. पॉलिशचा पहिला हात फिरला, की तेवढी जागा रंग घेत नाही आणि पांढुरके डाग वर येतात. “पुसलं म्हंजी गेलं न्हाय, मालक. आत जाऊन बसलं,” हे वाक्य मी त्यांच्या तोंडून निदान शंभर वेळा ऐकले असेल. तेव्हा मला माहीत नव्हते, असे म्हणण्याची सोय मला नाही.

मी मूळचा सुतार नव्हे. वडिलांची लाकडाची वखार होती. नोकरीच्या नादात काही वर्षे घालवून मी चाळिशीच्या अलीकडे धाराशिवात वखारीच्याच जागेवर फर्निचरचा छोटा कारखाना टाकला. मिस्त्री माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. ते मला मालक म्हणत, मी त्यांना मिस्त्री म्हणे. पण शिकवणारे ते आणि शिकणारा मी, हे कारखान्यात सर्वांना ठाऊक होते. पांढरा सदरा, त्यावर वाळलेल्या गमाचे ठिपके, आणि टोपीच्या घडीत पॉलिशपेपरचा एक झिजलेला तुकडा. शेवटच्या हाताला ते नवा पॉलिशपेपर कधी वापरत नसत. “नवा जावई आन् नवा पेपर, दोघं बी लई खरखर करत्यात,” असे म्हणून स्वतःच हसत.

एका गिऱ्हाइकाने त्यांना कपाटाच्या खणात डोके घालून आतल्या कोपऱ्यातला गम काढताना पाहिले आणि विचारले, की अहो मिस्त्री, खणाच्या आत कोण बघतंय? मान बाहेर न काढता ते म्हणाले, “झुरळ बगतं की.”

लाकूड घासायचे यंत्र, म्हणजे सँडर, घ्यायचे ठरले तेव्हा आम्ही दोघे सोलापूरला गेलो. मिस्त्रींनी पिशवीतून सागवानाचा हातभर तुकडा नेला होता. दुकानदाराने यंत्रे मांडली आणि माझी नजर पट्ट्याच्या सँडरवर गेली. दोन रुळांवर घासपट्टा गरगर फिरवणारे ते यंत्र वजनाला भारी आणि आवाजालाही भारी. मिस्त्रींनी ते आपल्या तुकड्यावर एकदा टेकवले, उचलले आणि डोळे मिटून हाताची मागची बाजू लाकडावरून फिरवली. तळहाताला घट्टे पडले होते, म्हणून त्यांचा भरवसा मागच्या बाजूवर.

“मालक, आपल्याला टेबलं करायचीत का डांबरी सडक?”

दुकानदारही हसला. मग त्यांनी मुठीत मावेल असा गोल सँडर चालवून पाहिला. त्याची चकती फिरते आणि फिरता फिरता थरथरते, त्यामुळे लाकडावर ओरखड्याची सरळ रेघ उठत नाही. हे हळू खाते, पण थांब म्हटले की थांबते, तेव्हा हेच घ्या, असा त्यांचा सल्ला होता. मी पट्ट्याचे घेतले. आल्यागेल्याच्या नजरेत भरेल, हे त्यामागचे खरे कारण. त्यांना मी वेगळे कारण सांगितले, ते आता आठवतही नाही. गोल सँडर वर्षभराने आला. ते वर्षभर मिस्त्री शेवटचा हात हातानेच मारत राहिले आणि त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

पट्ट्याच्या यंत्राचे नाव मात्र त्यांनी सरपंच ठेवले. सरळ जातो, मागं वळून बघत न्हाय, म्हणून. एकदा एका गावचे खरेखुरे सरपंच माझ्यासमोर चहा घेत बसले असताना मिस्त्रींनी आतून गड्याला हाक दिली, “सरपंचाचा पट्टा काढ रे, लई झिजलाय.” पाहुण्यांचा हात नकळत कमरेला गेला. मी बशीत तोंड लपवले. असे कितीतरी प्रसंग मला आठवतात आणि मी ते लोकांना रंगवून सांगतो. सांगता सांगता बेंबळीचा विषय जवळ आला, की मी उठून काहीतरी आणायला जातो. आज उठायचे नाही, असे ठरवून लिहायला बसलो आहे.

मिस्त्री मूळचे बेंबळीचे. त्यांचे वडील गावाची औते आणि तिफणी करीत. वडील गेल्यावर भाऊ पुण्याला गेला, हे धाराशिवात आले आणि गावातली जागा विकली गेली. गावाशी धागा म्हणावा असा काही उरला नव्हता. तरी बेंबळीच्या वाचनालयाला बारा फुटी टेबल करून हवे आहे, ही बातमी तेच घेऊन आले. वाचनालय पाहणारे गृहस्थ गावच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. सगळे गाव त्यांना सर म्हणते, मीही तेच म्हणतो. कामासाठी कधी कोणाच्या दारात न जाणारे मिस्त्री सरांकडे तीन वेळा जाऊन आले. पहिल्यांदा सरांना वाटले, की हे वर्गणी मागायला आलेत.

“माझ्या बापाच्या हातची औतं गावानं वापरली, मोडली आन् चुलीत घातली,” ते मला म्हणाले. “त्याचं काय न्हाय, औताचं मरण तसंच. पर आमच्या घरची एक चीज गावात ऱ्हावी, मालक.”

फळ्या त्यांनी वखारीतून स्वतः निवडल्या. एका फळीची रेषा दुसरीत कशी मिळेल ते पाहण्यात दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी मिळून गम लावला आणि शिकंजे आवळले. एवढ्यात मुरुमहून त्यांच्या जावयाचा फोन आला. मुलीला बाळंतपणासाठी दवाखान्यात नेले होते आणि दिवस पुरे भरले नव्हते. मिस्त्रींनी हात धुतले, पिशवी घेतली. दारातून परत वळून मला म्हणाले, “दोन तासानं बगा. खरवस झाल्याबिगर हात लावू नका. न्हाय जमलं तर तसंच ऱ्हाऊ द्या. म्या येऊन हाड खरवडतो.”

म्हणजे मला काहीही करायचे नव्हते. एवढे सोपे काम त्यांनी माझ्यावर सोपवले होते.

ते गेले आणि अर्ध्या तासात सरांचा निरोप आला, की वाचनालयाच्या मंडळातल्या दोघांना घेऊन टेबल पाहायला येतो आहे. मी फळ्यांकडे पाहिले. सहा सांधे, आणि सहाही सांध्यांवर गमाचे ओघळ. पाहुण्यांना हे ओबडधोबड दिसेल, या एका विचाराने मी बादलीत फडके बुडवले. मी डावखुरा आहे. एका बाजूने सरकत डाव्या हाताने लांब लांब फटकारे मारत मी बाराही फूट पुसून काढले. पाहुणे आले. सरांनी लाकडावरून बोट फिरवले आणि “सुरेख” म्हणाले. मी मान लववली. ती मान लववताना मला झालेला आनंद मला अजून आठवतो, आणि या साऱ्या हकिकतीत मला सर्वांत जास्त लाज त्याचीच वाटते.

दुसऱ्या दिवशी मी सरपंच फिरवून वरचा थर घासला. पांढुरके काही दिसेना. मी स्वतःला सांगितले, की गेले.

त्याच संध्याकाळी मिस्त्रींचा फोन आला. नात झाली होती, वजनाला कमी होती, पण दोघी सुखरूप होत्या. नातीचे नाक कोणासारखे आहे हे सांगून झाल्यावर त्यांनी विचारले, “गम कसा काढला, मालक?”

“तुम्ही काढता तसाच.”

“खरवस झाल्यावर?”

“हो.”

“मग ठीक. मग थिनरचा हात मारून बगायची गरज न्हाय.”

पॉलिशआधी थिनरचे फडके फिरवून पाहणे ही त्यांची पद्धत होती. कुठे गम मुरला असेल, तर थिनर उडून जाईपर्यंत तेवढी जागा फिकी दिसते. आमच्या बारा वर्षांच्या सोबतीत ही पायरी त्यांनी एकदाच गाळली, आणि ती माझ्या शब्दावर.

टेबल टेंपोने बेंबळीला गेले. मिस्त्री मुरुमहून परस्पर तिथे आले. पाय बसवले, पॉलिशचे सामान मांडले. दुसऱ्या दिवशी उद्घाटन होते. आपल्या सुताराचा मुलगा काम करतोय म्हणून गावातली पंधरावीस माणसे वाचनालयात जमली होती. एक म्हातारे गृहस्थ मिस्त्रींच्या वडिलांची आठवण सांगत होते. मिस्त्री हसत होते आणि हात चालू होता. त्यांना इतके बोलके मी कधीच पाहिले नव्हते.

पॉलिशचा पहिला हात टोकापर्यंत गेला आणि मधल्या दोन फळ्यांवर डाग उमटायला लागले. आधी एक, मग त्याच्याशेजारी दुसरा. एकाखाली एक लांब फटकारे, केरसुणीने अंगण झाडल्यावर उमटतात तसे.

मिस्त्रींनी फडके खाली ठेवले. वाकून एका डागावरून बोट फिरवले, सुरुवातीपासून शेवटापर्यंत. मग दुसऱ्यावरून. दोन्ही वेळा त्यांचे बोट डावीकडून वर गेले. त्यांनी मान वळवली आणि माझ्या डाव्या हाताकडे पाहिले. हातात मोबाईल होता. मी तो खिशात घातला, हातासकट.

सर पुढे आले. ते चिडणारे गृहस्थ नव्हेत, म्हणून त्यांचे शब्द जास्त लागले. “घरचा माणूस म्हणून काम दिलं, मिस्त्री. परक्याला दिलं असतं तर निदान बोलता तरी आलं असतं.”

खोलीत कोणी काही बोलेना. त्या शांततेत एक वाक्य मावले असते, ‘सर, पुसलं मी.’ तीन शब्द होते. मी का बोललो नाही, याची कारणे शोधायला मला पुढे बराच काळ मिळाला. सरांच्या ओळखीने शाळेची कामे मिळण्याची आशा होती, पंधरावीस माणसे पाहत होती, आता बोलून डाग थोडेच जाणार होते. ही सगळी कारणे मी नंतर जमवली. त्या क्षणी माझ्यापाशी एकही कारण नव्हते. मी नुसता गप्प राहिलो.

“काम माझं, तर डाग बी माझाच,” मिस्त्री म्हणाले. “आठ दिवस द्या सर. सगळं उतरवून पुन्यांदा करून देतो.”

उद्या पाहुणे येणार आहेत, असे सर म्हणाले. टेबलावर पांढरी चादर अंथरून कार्यक्रम उरकला गेला. नंतर मिस्त्रींनी पुन्हा विचारले, तेव्हा सरांनी हात जोडले आणि आता तुमच्यापैकी कोणी त्याला हात लावू नका, म्हणाले. मला सुटल्यासारखे वाटले.

परतताना टेंपोत आम्ही दोघे शेजारी बसलो होतो. शहर जवळ येईपर्यंत ते रस्त्याकडे पाहत होते. मग अगदी सहज आवाजात, उद्याचे काम सांगावे तसे, त्यांनी म्हटले, “फोनवर खरं बोलला असता, तर एका दिवसात खरवडून काढलं असतं म्या.”

मी काही बोललो असेन. काय ते आठवत नाही, म्हणजे ते बोलण्यासारखे नसणार.

हातातली कामे पुरी करायला त्यांना दोन आठवडे लागले. त्यात त्यांनी कुठे कसर केली नाही. मग नातीला सांभाळायला लेकीकडे जायलो, असे सांगून ते मुरुमला गेले. आजोबांनी नातीकडे जाण्यात गैर काय, असे मी सर्वांना सांगितले. सगळ्यांना ते पटले.

याला सहा वर्षे झाली. मुरुम काही परदेश नाही, दोन-अडीच तासांची एसटी आहे. दर दिवाळीला मी जायचे ठरवी. त्यांचा नंबर काढून पाही आणि ठेवून देई. त्यांचाही फोन कधी आला नाही. गेल्या पावसाळ्यानंतर उमरग्याकडचा एक लाकूडव्यापारी वखारीत आला होता. बोलता बोलता म्हणाला, की तुमच्याकडचे ते जुने मिस्त्री वारले, श्रावणातच.

मग मी गेलो. आता जायला काही धोका नव्हता.

त्यांच्या लेकीने मला ओळखले. काका, या, म्हणाली. चहा केला. बाबा तुमचं नाव काढायचे, म्हणाली. काय म्हणायचे, हे विचारायचे धाडस मला झाले नाही, पण तिने आपणहून सांगितले, की मालकांनी कधी कामात घाई लावली नाही, असे बाबा म्हणत. शेवटची वर्षे ते इथल्या एका दुकानाकडून दारे बसवायचे. बेंबळीला मात्र परत गेले नाहीत. चुलत्यांच्या मयतीला सुद्धा वेशीबाहेरून स्मशानात गेले आणि तिथूनच फिरले.

मी कप खाली ठेवला आणि तिला सगळे सांगितले. फडके, फोन, डाव्या हाताचे फटकारे, सारे. सांगून झाल्यावर मी तिच्याकडे पाहिले. ती रडेल, नाहीतर मला उठवून लावेल, असे काहीसे मला हवे होते, हे आता लक्षात येते.

“मला सांगून काय व्हणार, काका?” ती म्हणाली. “बाबांचा हात तसा न्हाय, ह्ये मला पहिल्यापास्नं ठावं होतं. ज्यास्नी ठावं न्हाय, त्यास्नी सांगा.”

तिने कप उचलले आणि ती आत गेली. चहा अर्धा तसाच होता.

चार दिवसांनी मी बेंबळीला गेलो. दुपारची वेळ होती. वाचनालयात पाचसहा जण वर्तमानपत्रे चाळत होते, दोन मुली स्पर्धा परीक्षेची पुस्तके मांडून बसल्या होत्या. टेबलावर फुलाफुलांचे रेक्झिन अंथरलेले होते. सर आता बरेच थकले आहेत. कपाटाजवळच्या खुर्चीत बसून नोंदी तपासत होते. त्यांनी मला बसायला सांगितले. मी उभाच राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोललो. मला मोठ्याने बोलायची सवय नाही. पण काही गाळले नाही.

सरांनी रेक्झिनची एक कड उचलली, मग दोघांना हाक मारून ते सगळेच काढायला लावले. बारा फूट सागवान उजेडात आले. मधले डाग सहा वर्षांनी अधिकच पिवळट झाले होते. सरांनी वाकून एका डागावरून बोट फिरवले.

“त्या दिवशी मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही,” ते म्हणाले. “सकाळपासून उपाशी काम करत होते. मला माहीत होतं, आणि मी विचारलं नाही.”

वर्तमानपत्रवाल्यांपैकी एक शेतकरी म्हणाले, की आम्हीही इतकी वर्षं त्यांच्या नावानं हसलो. कुठल्या घरात दाराला भेग पडली, की बेंबळीचा मिस्त्री बोलवा, असं म्हणत आलो.

सर उठले. गेल्या काही वर्षांत ते इतक्या चपळाईने उठले नसतील. चष्मा नीट केला, सदऱ्याच्या खिशातून मोबाईल काढला. “हे टेबल पुन्हा त्यांच्याच हातून करून घ्यायचं,” ते म्हणाले. “गाव गोळा करतो. सगळ्यांसमोर मी त्यांची माफी मागतो. तुम्हीही मागा.” त्या दोन मुलींनी पुस्तके मिटून बाजूला घेतली, जणू काम आताच सुरू होणार होते.

“नंबर सांगा त्यांचा.”

मी तिथे अर्धा तास बोललो होतो. फडक्याविषयी बोललो, माझ्या खोटेपणाविषयी बोललो, माझ्या सहा वर्षांच्या झोपेविषयीही बोललो. ते गेले, हे सांगायचेच राहून गेले होते.

सर मोबाईलवर बोट टेकवून पहिल्या आकड्याची वाट पाहत होते.